पैनगंगेपासून गोव्यापर्यंत ज्याची सत्ता होती, त्या राजाने ९०० वर्षांपूर्वी गळाने मासे कसे धरायचे ते लिहून ठेवलं होतं

गळ टाकून मासे धरणं हा छंद कुठून आला, असं विचारलं की एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छोटं पुस्तक छापलं गेलं. ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर ते सांगितलं जातं. मग १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचं गाजलेलं पुस्तक आलं. पुढे हा छंद अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथल्या श्रीमंतांना लाटांमध्ये उभं राहून स्ट्राइप्ड बास नावाचा पट्टेवाला मासा धरायचं वेड लागलं. भारतापुरतं बोलायचं तर १८७३ साली हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्याने इथल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं.

थोडक्यात काय, तर पोटासाठी मासे धरणारे आपल्याकडे होतेच, पण हौस म्हणून गळ टाकून बसणं हे साहेबाचं काम, अशी समजूत पक्की झाली.

ही समजूत खोटी ठरवणारा माणूस थॉमसच्या साडेसातशे वर्षं आधी होऊन गेला होता. तो राजा होता. त्याने इ.स. ११२९ च्या सुमारास लिहिलेल्या संस्कृत ग्रंथात एक अख्खं प्रकरण माशांना दिलं. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला कशाने भुलवायचं आणि गळाला कसा लावायचा, हे सगळं त्यात आलं. त्याचं नाव सोमेश्वर. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर.

जगातली ही पहिलीच नोंद, असा दावा करायची गरज नाही. रोमन काळात एलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला लोकर आणि पिसं बांधून मासे धरतात असं लिहून ठेवलंच होतं. पण एका राजाने, राज्य करत असताना, स्वतः बसून या विषयावर व्यवस्थित प्रकरण लिहावं, याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे.

आता या राजाचा यवतमाळशी काय संबंध?

पुसद तालुक्यात डोंगरगाव नावाचं गाव आहे. तिथे शके १०३४, म्हणजे इ.स. १११२ चा एक शिलालेख सापडला. नागपूरचे मोठे पुराभिलेखतज्ज्ञ वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. लेख आहे जगद्देव परमाराच्या काळातला. हा जगद्देव म्हणजे माळव्याच्या उदयादित्य राजाचा मुलगा. गुजरात-राजस्थानातल्या भाटांच्या कथांमध्ये जो जगदेव परमार येतो, तोच हा. घरच्या गादीचा वाद नको म्हणून तो माळवा सोडून दक्षिणेत आला आणि कुंतलाच्या राजाच्या पदरी राहिला. कुंतलाचा राजा म्हणजे कल्याणीचा सहावा विक्रमादित्य. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या देवळातही जगद्देवाच्या काळातला लेख आहे. म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांचा हा सरदार अंमल करत होता.

डोंगरगावच्या लेखात एक मजेशीर गोष्ट आहे. कुंतलाचा राजा या जगद्देवाला आपल्या मुलांमध्ये पहिला मानायचा, आपला उजवा हात समजायचा, असं त्यात कौतुकाने सांगितलंय. प्रशस्तीच ती, थोडं फुगवून लिहिलेलं असणारच. पण हे वाचताना विक्रमादित्याच्या सख्ख्या मुलांना काय वाटत असेल, हा प्रश्न पडतोच. त्या सख्ख्या मुलांपैकी एक सोमेश्वर होता.

बाप असा की त्याच्यापुढे कुणीही खुजं वाटावं. सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये थोरल्या भावाला बाजूला सारून गादीवर बसला आणि पुढची ५० वर्षं त्याने राज्य केलं. शक कालगणना बाजूला ठेवून त्याने स्वतःच्या नावाने नवा शक सुरू केला. काश्मीरहून आलेला बिल्हण त्याचा दरबारी कवी होता आणि त्याने राजाचं चरित्र काव्यात लिहिलं. हिंदू वारसा कायद्यात आजही ज्या मिताक्षरेचं नाव घेतलं जातं, ती लिहिणारा विज्ञानेश्वर याच कल्याणीत राहायचा. हे कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, धाराशिव-लातूरकडून अगदी हाकेच्या अंतरावर.

सोमेश्वर अशा दरबारात वाढला. त्याच्या अवतीभवती कवी होते, कायदेपंडित होते, ज्योतिषी, वैद्य, माहूत, पैलवान, स्वयंपाकी होते. शिवाय राज्याच्या चहूबाजूंनी येणारे मांडलिक होते. त्याची एक बहीण मैललदेवी गोव्याच्या कदंब घराण्यात दुसऱ्या जयकेशीला दिली होती. कोकणात शिलाहार होते. पूर्वेला गोदावरीच्या मुखाशी वेंगीचा मुलूख विक्रमादित्याने शेवटच्या वर्षांत ताब्यात आणला होता. म्हणजे एका बाजूला अरबी समुद्राचे मासे, दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागराचे मासे आणि मध्ये कृष्णा, भीमा, गोदावरी, पैनगंगा यांचं गोडं पाणी. मासे ओळखायला शिकायचं असेल तर याहून चांगलं राज्य मिळणं अवघड.

११२६-२७ च्या सुमारास विक्रमादित्य गेला आणि सोमेश्वर राजा झाला. भूलोकमल्ल हे बिरुद त्याने घेतलं. पण लोकांनी त्याला ओळखलं ते दुसऱ्याच बिरुदाने, ते म्हणजे सर्वज्ञ. सगळं जाणणारा. राजाला असं बिरुद मिळणं ही गंमतच आहे, कारण दख्खनच्या राजांची बिरुदं म्हणजे सहसा कुणाला तरी मारल्याची, जाळल्याची, पळवून लावल्याची असायची.

गादीवर बसून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच त्याचा ग्रंथ आकाराला आला होता. ग्रंथात ग्रहगणितासाठी शके १०५१ हे वर्ष धरलंय, त्यावरून ११२९ हा काळ ठरवतात. ग्रंथाचं नाव मानसोल्लास. अभिलषितार्थचिंतामणी हे त्याचं दुसरं नाव. रचना अगदी मोजूनमापून केलेली: पाच भाग, प्रत्येक भागात २० प्रकरणं, म्हणजे एकूण १०० प्रकरणं आणि साधारण ८ हजार श्लोक. राज्य कसं मिळवावं, मिळालेलं कसं टिकवावं, मग उपभोग, मग करमणुकी, मग खेळ.

मानसोल्लासाचं नाव सोशल मीडियावर अधूनमधून दिसतं ते खाण्यामुळे. डोसा, इडली, वडा, पापड यांचे जुने पूर्वज या ग्रंथात सापडतात आणि मग डोसा नक्की कुणाचा यावर भांडणं लागतात. मराठी माणसाला त्याची आठवण आणखी एका कारणाने असते. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथात आहे.

चौथ्या भागात राजाच्या २० करमणुकी आहेत. शस्त्रं, हत्ती, घोडे, पैलवान, कोंबड्यांच्या झुंजी, मेंढे, रेडे, कबुतरं, कुत्रे, बहिरी ससाणे असं करत करत चौदाव्या क्रमांकाला मासे येतात. त्यांच्या पुढचं प्रकरण जंगलातल्या शिकारीचं. या प्रकरणाला त्याने मत्स्यविनोद म्हटलंय.

बहुतेक राजेमहाराजांनी मासेमारीबद्दल लिहिलं असतं तर आपण किती मोठा मासा धरला हे लिहिलं असतं. सोमेश्वर सुरुवात करतो ती माशांच्या यादीने. सुमारे ३५ प्रकारचे मासे तो नावानिशी सांगतो. खाऱ्या पाण्यातले वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे. अंगावर खवले असलेले वेगळे, गुळगुळीत कातडीचे वेगळे. मोठे, मधले, लहान. समुद्रातून नदीच्या मुखाने वर चढणाऱ्या माशांचीही तो दखल घेतो.

आजही मासळी बाजारात उभं राहिलं की माणूस याच तीन प्रश्नांनी मासा ओळखतो. खाडीचा की नदीचा, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, आणि केवढा. रोहू खवल्यांचा, शिंगाळा बिनखवल्यांचा. हे वर्गीकरण पोथीत बसून सुचणारं नाही. ते पाण्याच्या काठावर, हातात मासा धरूनच सुचतं.

यादीनंतर येतो तो या प्रकरणाचा सगळ्यात मोलाचा भाग, माशांना खायला घालणं. काही माशांना पिठाचे गोळे आवडतात, काहींना तिळाचं कूट, भाजलेल्या डाळीचं पीठ, शिजलेला भात. मांसाहारी माशांना मांसाचे तुकडे. पाण्यात एका ठरावीक जागी असं खाणं घालत राहायचं, म्हणजे मासे तिथे जमायला लागतात, अंगानेही भरतात. गळाची पाळी त्यानंतर.

ज्याने कधी नदीवर गळ टाकलाय त्याला यातलं तंत्र लगेच कळेल. मासा भुकेला असला तरी संशयी असतो. पाण्यात अचानक पडलेल्या एकट्या आमिषाजवळ तो घुटमळतो, शेपटी मारतो, निघून जातो. पण ज्या जागी चार दिवस आयतं खायला मिळतंय, तिथे त्याची भीड चेपते. त्याच गोळ्यांमधल्या एकात पाचव्या दिवशी लोखंड लपलेलं असतं. वर्धा आणि पैनगंगेच्या डोहांवर आजही कणकेचे गोळे, पेंड किंवा भात टाकून मासे जागेवर आणतात आणि मग गळ सोडतात. मरळीसारख्या शिकारी माशाला कणीक दाखवून उपयोग नाही. त्याला बेडूक, लहान मासळी किंवा गांडूळ लागतं. सोमेश्वराच्या प्रकरणात नेमका हाच भेद आहे.

हीच युक्ती १९व्या शतकात जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसते. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या कटीहंक बेटावर स्ट्राइप्ड बास धरण्यासाठी क्लब काढला. हा मासाही समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. क्लबने खडकांवरून थेट लाटांच्या वर लाकडी फळ्यांचे मचाण बांधले. सभासद मचाणावर जाऊन उभा राहायचा. त्याच्यासोबत एक पगारी माणूस असायचा. तो शेवंड आणि तेलकट मासळी चिरून पाण्यात भिरकावत राहायचा, गळाला आमिषही तोच लावायचा. बास त्या वासाने खडकांपाशी आला की मग साहेब गळ फेकायचे. मासा मिळाला की तो साहेबाच्या नावावर.

कटीहंकचे धनिक आणि कल्याणीचा राजा यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे, पण दृश्य एकच. काठावर हौशी माणूस, आणि त्याच्या बाजूला पाणी ओळखणारा दुसरा माणूस.

साधनांचं बोलायचं तर सोमेश्वराच्या काळची यादी छोटी आहे: काठी, दोर, गळ, पाण्यावर तरंगणारी खूण आणि आमिष. चाक लावलेली काठी नव्हती. त्यामुळे सगळी मदार दोरावर आणि हातावर. तरंगणारी खूण हा यातला सगळ्यात हुशार भाग. पाण्याखाली काय चाललंय ते दिसत नाही, पण वरचा हलका तुकडा कसा हलतो यावरून कळतं. लहान मासे टोचायला लागले की तो थरथरतो. मोठा मासा आमिष तोंडात घेऊन चालायला लागला की तो तिरका होऊन सरकतो आणि बुडतो. घाई करून पहिल्याच थरथरीला काठी उचलली तर हाती रिकामा गळ येतो.

आणि मासा लागल्यावर खरी परीक्षा. सुती किंवा तागासारख्या धाग्याचा दोर, त्यावर आठ-दहा किलोचा रोहू. सरळ ओढला तर दोर तुटणार. सैल सोडला तर मासा गळ झटकून जाणार. म्हणून तो पळाला की दोर द्यायचा, थांबला की घ्यायचा, पुन्हा पळाला की पुन्हा द्यायचा. तो दमला की मगच काठाला आणायचा. जाळं टाकणाऱ्याला हे लागत नाही, कोकणातल्या रापणीला तर मुळीच नाही. एका वेळी एकच मासा धरायचा असेल तर मात्र याला पर्याय नाही. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि या सगळ्या कामाला गरवणं. या एका क्रियापदात थांबणं, चाळवणं, दमवणं सगळं येतं.

मासा धरून झाल्यावर काय? त्याची सोय राजाने आधीच्या भागात, जेवणाच्या प्रकरणात करून ठेवलीय. माशाचे तुकडे करून स्वच्छ धुवायचे, चिंचेच्या कोळात शिजवायचे, वरून गव्हाचं पीठ भुरभुरून कढत तेलात लालसर तळायचे. मग सैंधव, वेलची आणि मिऱ्याची पूड. वेलचीचं थोडं आश्चर्य वाटेल, पण बाकीचं सगळं आजच्या कुठल्याही घरात ओळखीचं आहे.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. याच ग्रंथाच्या पहिल्या भागात राजाने खोटं बोलू नये, दुसऱ्याचा द्रोह करू नये, खाऊ नये ते खाऊ नये, भुकेल्याला अन्न द्यावं, असे उपदेश आहेत. आणि चौथ्या भागात तोच राजा माशाला चार दिवस जेवू घालून पाचव्या दिवशी त्याच घासात लोखंड लपवायला शिकवतो. सोमेश्वराला यात विसंगती वाटलेली दिसत नाही. त्याच्या काळातल्या क्षत्रियाला वाटायचं कारणही नव्हतं.

मोठा प्रश्न वेगळाच आहे. राजाला हे सगळं शिकवलं कुणी?

पैनगंगेच्या, वर्धेच्या, गोदावरीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे लोक म्हणजे भोई आणि ढीवर. कोकणात कोळी, गाबीत, खारवी. कोणत्या डोहात कोणता मासा बसतो, कोणत्या महिन्यात तो वर चढतो, कोणता पिठाला येतो आणि कोणता मांसाला, हे ज्ञान त्यांचं. ३५ माशांची नावं, त्यांची जागा, त्यांचं खाणं हे एखाद्या राजाने एकट्याने शोधून काढणं शक्य नाही. कुणीतरी त्याला सांगितलं, दाखवलं, पाण्यात उतरून धरून दिलं. मानसोल्लासात त्यांपैकी एकाचंही नाव नाही. जेवणाच्या प्रकरणात आचाऱ्याचं नाव नाही, हत्तींच्या प्रकरणात माहुताचं नाव नाही, तसंच हे.

तरीही एवढं म्हणावं लागेल की सोमेश्वराने ते लिहून घेतलं. संस्कृतात लिहिण्याच्या लायकीचं ते आहे असं त्याला वाटलं. त्याच दरबारात बसून विज्ञानेश्वराने वारसाहक्कावर लिहिलं, बिल्हणाने राजाच्या पराक्रमावर. भोयाला काय माहीत असतं, यावर श्लोक रचावेत असं त्या दोघांना सुचणं कठीण होतं.

राजा म्हणून सोमेश्वराची कारकीर्द अशी मोठी नाही, जेमतेम १२ वर्षांची. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन डोकं वर काढत होता. त्याला सोमेश्वराने काही काळ आवरलं, पण संपवलं नाही. पूर्वेला बापाने मिळवलेला वेंगीचा मुलूख चोळांनी परत घेतला. काकतीय, यादव, कलचुरी हे मांडलिक हळूहळू स्वतःच्या पायावर उभे राहायला लागले. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्याबद्दल एक ठरावीक सूर असतो: विद्वान होता, शांतताप्रिय होता, आणि साम्राज्याची उतरण त्याच्या काळात सुरू झाली. तो मासे आणि डोसे लिहीत बसला आणि राज्य गेलं, असाच एकूण रोख.

हा न्याय थोडा एकतर्फी आहे. विक्रमादित्याने ५० वर्षं जे पसरवलं होतं ते एका माणसाच्या वचकावर टिकलेलं होतं. मांडलिकांना मोठं करून ठेवायची सवयही त्याचीच. तो वचक गेल्यावर कुणीही गादीवर आला असता तरी गाठी सुटायला लागल्याच असत्या. सोमेश्वराने बापाचं चरित्रही गद्यात लिहायला घेतलं होतं, विक्रमांकाभ्युदय नावाचं. ते अपुरं राहिलं.

११३८ मध्ये सोमेश्वर गेला. त्याचा मुलगा दुसरा जगदेकमल्ल गादीवर आला. पुढे २५ वर्षांच्या आतच बिज्जल कलचुरीने कल्याणी गिळली. बसवेश्वरांचं कल्याण म्हणून आपण जे ओळखतो ते याच बिज्जलाच्या काळातलं. १२वं शतक संपेपर्यंत चालुक्यांचं राज्य पुसलं गेलं होतं आणि महाराष्ट्र देवगिरीच्या यादवांकडे गेला होता.

ग्रंथ मात्र पोथ्यांच्या रूपाने फिरत राहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित करून छापायला घेतला. पहिला खंड १९२५ ला आला, दुसरा १९३९ ला, तिसरा १९६१ ला. सोमेश्वराने दोन-तीन वर्षांत हातावेगळा केलेला ग्रंथ छापून पुरा व्हायला ३६ वर्षं लागली.

छापलेल्या खंडांतून मत्स्यविनोदाकडे लक्ष गेलं ते एका मत्स्यशास्त्रज्ञाचं. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. डोंगरी ओढ्यांतल्या माशांवर त्यांचं काम जगभर वाखाणलं गेलेलं. प्राचीन भारतीयांना माशांबद्दल काय माहीत होतं यावर त्यांनी लेखमाला लिहिली आणि १९५१ मध्ये तिचा एक भाग पूर्णपणे सोमेश्वराच्या या प्रकरणाला दिला. जुन्या नावांमागचे आजचे मासे कोणते, हे ओळखायचा प्रयत्न त्यांनी केला. पुढे २००५ मध्ये नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी हेच प्रकरण पुन्हा हातात घेऊन त्याचा अभ्यास केला.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. रोहित म्हणजे रोहू, यात कुणालाच शंका नाही. पाठीन म्हणजे हिंदी पट्ट्यात ज्याला पढिन म्हणतात तो मोठ्या जबड्याचा, बिनखवल्यांचा शिकारी मासा, हेही बहुतेक सगळे मानतात. पण सोमेश्वराच्या यादीतली कितीतरी नावं संस्कृत कोशात धड सापडत नाहीत. ती संस्कृत नाहीतच मुळी. सोर, चंपिलोच, कोवासक, कोवाकीय असली नावं कुणाच्या तरी तोंडची आहेत. कुठल्या तरी काठावरच्या बोलीतलं नाव राजाने जसं ऐकलं तसं श्लोकात बसवलं. ती बोली कन्नड होती, मराठी होती, तेलुगू होती की कोकणातली, यावर अभ्यासकांचं एकमत होत नाही. ज्यांची नावं राजाने लिहिली नाहीत, त्यांचे शब्द मात्र या यादीत शिल्लक राहिले.

या ग्रंथात एक मासा असाही आहे जो कधीच गळाला लागला नाही. संगीताच्या प्रकरणात सोमेश्वराने निरनिराळ्या देशभाषांमधली गाणी नमुन्यादाखल दिलीत. त्यात विष्णूच्या दहा अवतारांवरचं एक गाणं आहे आणि त्यातला काही भाग मराठीत आहे. मराठी भाषेचे अगदी जुने नमुने दाखवताना अभ्यासक त्या ओळी हमखास दाखवतात. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीच्या या मराठी ओळींचा विषय मत्स्यावतार आहे. पाताळात गेलेले वेद माशाचं रूप घेऊन वर आणणाऱ्या नारायणाचं त्यात वर्णन आहे.

डोंगरगावपासून पैनगंगा फार लांब नाही. इसापूरच्या धरणाने आता ती अडवलीय. खाली वणी तालुक्याच्या टोकाला ती वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी जुन्या वेंगीच्या मुलखातून समुद्राला. या पाण्यावर गळ टाकून बसलेल्या भोयाला विचारलं की कोणता मासा मिळाला, तर त्याचं उत्तर बऱ्याचदा सोमेश्वराच्या यादीतलंच असतं. तो म्हणतो, रोहू.